खरेदीखताच्या आधीचे दिवस

तंजावरकडील मराठी घराणी ज्या मद्रास शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्याच शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, मोटारींच्या कारखान्यांच्या आणि संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने पुण्या-नागपुराकडून आलेली अनेक मराठी कुटुंबे आता भाड्याचे बिऱ्हाड सोडून स्वतःचे घर घेण्याच्या विचारात आहेत. पेरुंगुडी, मेडवाक्कम, तांबरम अशा वाढत्या वस्त्यांत सदनिकेचा वा भूखंडाचा व्यवहार करताना त्यांतील बहुतेकांची एक दृढ समजूत असते, ती अशी की, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त दाखल झाला, त्यावर सरकारी शिक्का उमटला आणि आपला अंगठा व छायाचित्र नोंदले गेले म्हणजे त्या जागेची मालकी सरकारच्या साक्षीने आपली झाली. ही समजूत चुकीची आहे, आणि आयुष्यभराची पुंजी गमावून बसणाऱ्या पुष्कळांच्या हानीचे मूळ तिच्यातच आहे.

आपल्याकडील नोंदणी अद्याप १९०८ च्या अधिनियमाने चालते, आणि तो अधिनियम दस्ताची नोंद करतो, मालकीची ग्वाही देत नाही. समोर उभी असलेली व्यक्ती दस्तात नाव असलेलीच आहे काय आणि सही आपली असल्याची कबुली ती देते काय, एवढे पाहणे निबंधकाचे काम. विकणाऱ्याच्या हाती विकण्याजोगे काही आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा. तामिळनाडू सरकारने ही उणीव भरून काढण्यासाठी नोंदणी नियमांत ५५-अ हा नियम घातला होता व त्यान्वये आधीचा मूळ दस्त दाखविल्यावाचून नवा दस्त नोंदला जात नसे. परंतु ७ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. गोपी यांच्या प्रकरणात तो नियम मूळ अधिनियमाशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरविला, आणि विक्रेत्याच्या मालकीची शहानिशा करणे हे निबंधकाचे कामच नव्हे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्यानंतर राज्य विधानसभेने तीच अट अधिनियमातच घालणारे विधेयक संमत केले. त्याही आधी, २०२२ साली, बनावट दस्त रद्द करण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास देणारे ७७-अ हे कलम राज्याने आणले होते. तेही मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविले, कारण मालकीचा वाद मिटविणे हे दिवाणी न्यायालयाचे काम, प्रशासकीय अंमलदाराचे नव्हे. या दोन्ही निर्णयांत कायद्याच्या दृष्टीने दोष काढता येईल असे मला वाटत नाही. दोष आहे तो शतकाहून जुन्या कायद्याच्या मूळ रचनेत. पण खरेदीदाराच्या वाट्याला त्यातून येते ते एवढेच की, फसवणूक झाल्यावर त्याच्यापुढे दिवाणी दाव्याचा दीर्घ मार्ग उरतो आणि फसवणूक होण्यापूर्वी त्याच्यावाचून दुसरा पहारेकरी नसतो.

तोतयेगिरीची कला आपल्याला अपरिचित नाही. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत, भाऊसाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात असतानाही, त्याने पुण्याच्या कारभाऱ्यांना हैराण करून सोडले. मग ज्या मालकाला शेजाऱ्यांनीही कधी पाहिले नाही, अशा परदेशस्थ मालकाचा तोतया निबंधकाच्या टेबलासमोर उभा करणे किती सुलभ असेल, याची कल्पना करावी. मोकळा भूखंड, वृद्ध किंवा दूरदेशी असलेला मालक आणि वर्षानुवर्षे कोणी न फिरकलेले कुंपण, हे भामट्यांचे आवडते सावज होय. प्रथम बनावट ओळखपत्र किंवा बनावट वारसदाखला तयार होतो. त्याच्या आधारे टोळीतल्याच एकाच्या नावे मुखत्यारपत्र अथवा खरेदीखत होते. त्यानंतर काही महिन्यांत आणखी एक-दोन हस्तांतरणे केवळ कागद जुने दिसावेत म्हणून केली जातात. आणि या साखळीच्या टोकाला प्रामाणिक खरेदीदार आणून उभा केला जातो, ज्याला दिसणारा प्रत्येक कागद खराखुरा नोंदलेला असतो. तोतयेगिरीने दस्त नोंदविणाऱ्यास नोंदणी अधिनियमाच्या ८२ व्या कलमाने सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि चेन्नई पोलिसांच्या केंद्रीय गुन्हे शाखेत भूमिबळकाव प्रकरणांसाठी स्वतंत्र पथकही आहे. पण गुन्हेगार तुरुंगात गेला म्हणून खरेदीदाराचे पैसे परत येतात, असे नव्हे.

येथे व्यवहाराच्या आरंभी ज्याचे नाव निघते, तो कागद म्हणजे विल्लंगम, बोजाचा दाखला. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या पाहता येतो ही मोठी सोय आहे, आणि निदान तीस वर्षांचा विल्लंगम काढावा, या वकिलांच्या सल्ल्याला कोणी बगल देऊ नये. परंतु त्याचा अर्थ नीट समजावून घेतला पाहिजे: जे दस्त नोंदले गेले तेवढेच त्यात उतरतात. न नोंदविलेले मृत्युपत्र, घरातल्या घरात झालेली तोंडी वाटणी, सहीच न घेतलेल्या बहिणीचा वारसा, न्यायालयात पडून असलेला दावा, थकलेला कर, यांपैकी एकही गोष्ट त्यात सापडेलच असे नाही, आणि भांडणे बहुधा नेमकी याच गोष्टींवरून उभी राहतात. हिंदू वारसा अधिनियमात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायादाचा हक्क मिळाल्यापासून तर वडिलोपार्जित मिळकत विकत घेताना कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीचे नाव विचारणे, ती कोठे आहे हे पाहणे आणि तिची संमती लेखी घेणे अपरिहार्य झाले आहे. विल्लंगम निर्दोष निघाला म्हणून मिळकत निर्दोष ठरत नाही. महसूल खात्याच्या पट्ट्याचेही तसेच: आपल्या सातबाऱ्याप्रमाणे तो वहिवाटीचा व करआकारणीचा सबळ पुरावा आहे, पण मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही पट्ट्यावरील नाव व क्षेत्र खरेदीखताशी जुळते काय, आणि ती जमीन पोरंबोक्कु, म्हणजे सरकारी वा सार्वजनिक, तर नाही ना, हे तहसीलदाराच्या दप्तरात पाहिल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. तलावांच्या काठच्या आणि पाणथळ भागांतल्या या शहरात ही शंका निराधार नसते.

याहूनही महत्त्वाचा मूळ दस्त, ज्याला तमिळ लोक ताय पत्तिरम म्हणतात. छायाप्रतीवर समाधान मानणे हा सर्वांत महागात पडणारा आळस होय. मूळ कागद गहाळ झाला असून पोलिसांचा ‘सापडत नाही’ असा दाखला उपलब्ध आहे, असे सांगितले गेले, तर तो दाखला खरा की खोटा हे संबंधित ठाण्यात स्वतः जाऊन विचारावे; कागद बँकेकडे ठेवलेले असतील, तर बँकेच्या लेटरहेडवर लेखी उत्तर मागवावे; आणि एक तमिळ व एक इंग्रजी वृत्तपत्रात खरेदीची जाहीर नोटीस देऊन आक्षेपांसाठी पुरेशी मुदत ठेवावी. भूखंडावर दोन-तीन वेळा, निरनिराळ्या वेळी जाऊन शेजाऱ्यांशी बोलावे. कागद सजविता येतो. शेजारच्या किराणा दुकानदाराला पढवून ठेवणे तितके सोपे नसते. मालक परदेशी असून त्याचा मुखत्यार व्यवहार करीत असेल, तर केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ सालीच स्पष्ट केले आहे, हे ध्यानात ठेवावे. मालक हयात असल्याचा दाखला, मुखत्यारपत्र रद्द न झाल्याची खात्री आणि मालकाशी दृक्‌ध्वनी-संभाषण, या तीनही गोष्टींचा आग्रह धरावा. सदनिकेच्या बाबतीत जमिनीच्या अविभक्त हिश्श्याची बेरीज सर्व सदनिका मिळून मूळ भूखंडाएवढी भरते काय, हे वकिलाकडून मोजून घ्यावे.

नोंदणीच्या दिवसाविषयी थोडक्यात सांगता येईल. दस्ताचा मसुदा आठवडाभर आधी हाती घ्यावा, चतुःसीमा व सर्व्हे क्रमांक पट्ट्याशी ताडून पाहावेत, आणि मोबदला ५० लाखांचा वा त्याहून अधिक असल्यास विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का प्राप्तिकर कापून भरण्याची जबाबदारी आपली आहे, हे विसरू नये. विक्रेता परदेशनिवासी असल्यास हा दर निराळा व पुष्कळ मोठा असतो. पैसा शक्यतो निबंधकाच्या कचेरीतच बँकेच्या डिमांड ड्राफ्टने द्यावा. ‘खाते बदलले आहे, रक्कम या नव्या खात्यात भरा’ असा संदेश अखेरच्या दिवशी आला, तर तो खोटा असल्याचे गृहीत धरून विक्रेत्याला पूर्वीच्या, आपल्या माहितीच्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. खातेधारकाचे नाव आधी तपासून पाहण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांनी द्यावयाची आहे, तिचा उपयोग करावा. आणि तरीही रक्कम चुकीच्या हाती गेली, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रोखीने दिलेली रक्कम मात्र न्यायालयातही परत मिळविणे अतिशय अवघड जाते, कारण दस्तात तिचा उल्लेखच नसतो. मुद्रांक शुल्क वाचविण्याच्या मोहाने रोख देणारा माणूस स्वतःच्या हाताने पुरावा नष्ट करीत असतो.

एक कोटीचे घर घेणारा माणूस या राज्यात मुद्रांक व नोंदणीपोटी नऊ लाख रुपयांपर्यंतची रक्कम शासनास देतो. एवढ्या रकमेच्या मोबदल्यात केवळ कागद आल्याची पोच मिळावी, हे न्याय्य नव्हे. मालकीची हमी स्वतः शासनाने घ्यावी, हमी खोटी ठरल्यास नुकसान भरून द्यावे, या दिशेने राजस्थानने २०१६ साली नागरी भूमीपुरता कायदा केला आहे. तामिळनाडूने आणि आपल्या महाराष्ट्रानेही तेच धोरण स्वीकारावे, अशी मागणी घर घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आमदाराकडे केली पाहिजे. तोपर्यंत चेन्नईत जागा घेणाऱ्या मराठी बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे की, वकिलाचा लेखी अभिप्राय हाती येईपर्यंत इसाराच्या लहानशा रकमेपलीकडे एक रुपयाही देऊ नये, आणि दलालाने मुहूर्ताची घाई केली, तर खुशाल दुसरे घर पाहावे.