वही घ्या आणि आपली दिल्ली पायी फिरा

दिल्लीतल्या मराठी घरी गावाकडून पाहुणे आले की फिरायची यादी ठरलेली असते. इंडिया गेट, कुतुबमिनार, अक्षरधाम, सरोजिनी नगरची खरेदी आणि एक दिवस गाडी करून आग्रा. पाहुणे खूश होऊन परत जातात. पण यजमानांना त्यांच्याच मेट्रो स्टेशनमागची गल्ली कुठे निघते हे विचारलं, तर सांगता येत नाही. बदली होऊन आलेली कुटुंबं तीन-चार वर्षं काढून पुढच्या गावी जातात, आणि त्यांच्यासाठी दिल्ली म्हणजे घर, ऑफिस, मुलांची शाळा आणि गणपतीत मराठी मंडळाचा कार्यक्रम एवढीच उरते. नोएडा-गुडगावच्या सोसायट्यांत तर गेटबाहेर पायी जायची सवयच सुटली आहे.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी सकाळी एक वही, एक पेन आणि पाण्याची बाटली घेऊन निघा. किलोमीटरभराचा एकच तुकडा निवडा, तो सावकाश फिरा आणि त्याचं एक पान करा. एक चित्र, शेजारी चार ओळी, वाटेत मिळालेलं एखादं तिकीट चिकटवलेलं. महिन्यातून दोनदा एवढं केलं तरी वर्षाअखेरीस तुमच्या हातात तुमची स्वतःची दिल्ली असेल.

दिल्लीत हे पूर्वीही झालं आहे, आणि तेही नोकरदार माणसाकडून. १८४६ साली सय्यद अहमद खान मुन्सफ म्हणून दिल्लीत आले. पुढे अलीगढचं कॉलेज काढणारे सर सय्यद ते हेच. तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. कचेरीचं काम सांभाळून सुटीच्या दिवसांत ते शहरातल्या आणि शहराबाहेरच्या जुन्या इमारती बघत हिंडायचे. कुतुबमिनारावरचे उंचावरचे शिलालेख खालून वाचता येईनात, तेव्हा बल्ल्यांच्या आधाराने टोपली टांगून तीत बसून ते वर जायचे आणि अक्षरं उतरवून घ्यायचे. सोबत आलेल्या मित्राचा जीव खाली टांगणीला लागायचा. १८४७ मध्ये त्यांचं ‘आसार-उस-सनादीद’ हे पुस्तक निघालं. चित्रकारांकडून करून घेतलेली इमारतींची शंभराहून अधिक चित्रं त्यात होती. दहाच वर्षांनी १८५७ उजाडलं. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी लाल किल्ल्याभोवतीचा मोठा भाग जमीनदोस्त केला. त्यात गेलेलं पुष्कळ काही आज समजतं ते अशा नोंदींमुळे.

त्याच काळात दिल्लीतला इंग्रज अधिकारी थॉमस मेटकाफ याने मजहर अली खान या चित्रकाराकडून शहराची चित्रं काढून घेतली, शेजारी स्वतः मजकूर लिहिला आणि १८४४ च्या सुमारास ती वही आपल्या मुलींसाठी तयार केली. ती आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. बापाने मुलींना आपलं गाव दाखवावं म्हणून केलेली वही, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. तुमचीही मुलं उद्या पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी जाणार आहेत.

तुकडा निवडताना मोठ्या नावांच्या मागे लागू नका. आपल्या माणसांच्या खुणा शोधायच्या असतील तर त्याही दारात आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये भरलं. हजारो मराठी माणसं तिथे येऊन गेली. त्याच तालकटोऱ्यापर्यंत १७३७ च्या मार्चमध्ये बाजीरावांची फौज येऊन धडकली होती. शेजारची बाग सकाळी चालण्याजोगी आहे. पटपडगंजच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की ११ सप्टेंबर १८०३ ची दिल्लीची लढाई त्याच बाजूला झाली. शिंद्यांच्या फौजेचा तिथे लॉर्ड लेकने पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली. करोलबागेत सोनं-चांदी गाळणाऱ्या खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांना विचारा. परवानगी मिळाली तर भट्टी आणि मूस यांचं एक पान होईल. गुडगावकरांना अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क आहे, फरिदाबादकरांना सूरजकुंड, नोएडाकरांना ओखल्याचं पक्षी अभयारण्य.

पान कसं करायचं ते मात्र एका जागेवर बसूनच सांगायला हवं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात कामानिमित्त किती जण उतरतात! तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, हेली रोडच्या आत, अग्रसेन की बावली आहे. ‘पीके’ सिनेमात आमिर खान जिथे मुक्काम करतो ती हीच. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटेल. सुमारे ६० मीटर लांब, १५ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना कमानींचे तीन थर आणि मधून खाली उतरत गेलेल्या पायऱ्या. पहिल्यांदा आलेला माणूस वरून फोटो काढतो आणि पाच मिनिटांत निघतो. तुम्ही वरच्या पायऱ्यांवर कडेला, कोणाच्या वाटेत न येता बसा.

कमानींपासून सुरुवात करू नका, त्यांत माणूस अडकतो. आधी समोरची टोकाची भिंत कागदावर किती उंच हवी ते ठरवा आणि तिच्या दोन उभ्या रेघा मारा. मग पेन हातभर अंतरावर धरून, अंगठ्याने मोजून, तिच्या उंचीशी बाकीचं ताडून बघा. बाजूच्या भिंती दूर जाताना एकमेकींकडे सरकतात, पायऱ्या खाली जाताना बारीक होत जातात. तेवढं जमलं की निम्मं चित्र झालं. आता जवळची एकच कमान नीट काढा: तिचं टोक, आतली सावली, वरचे दगड. बाकीच्यांच्या नुसत्या कडा दाखवा. बावलीच्या वर आकाशात कॅनॉट प्लेसकडच्या उंच इमारती डोकावतात. त्या गाळू नका. आजची दिल्ली त्यांच्यासकटच आहे. रंग हवा असेल तर पिवळट तपकिरी रंगाचा एकच पातळ हात सावलीच्या बाजूला फिरवा.

मग शब्द. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि हवा. खाली तुम्ही चालत आलात त्या वाटेचा छोटा नकाशा, वळणांवरच्या खुणांसह: चहाची टपरी, पिंपळ, बंद पडलेलं कारंजं. मेट्रोचं कागदी तिकीट चिकटवा. कानावर पडलेलं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहा. रखवालदार काय म्हणाला, पायरीवरच्या मुलांचं भांडण कशावरून चाललं होतं. ‘ऐतिहासिक वास्तू पाहून मन भारावलं’ असली वाक्यं नकोत. ती दिल्लीत न येताही लिहिता येतात.

झाडांना स्वतंत्र पान द्या. लुट्येन्सच्या दिल्लीत रस्त्यांना ठरवून झाडं वाटून दिलेली आहेत. जनपथावर अर्जुन, अकबर रोडवर चिंच. मे महिन्यात अमृता शेरगिल मार्गावर बहावा फुलतो, फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये जागोजाग सावर. पडलेलं पान वहीत ठेवून त्याच्या कडेने रेघ मारली तरी चित्र होतं. नावं जुळवायला प्रदीप कृष्ण यांचं २००६ सालचं ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ हाताशी ठेवावं.

‘पण मला चित्र काढता येत नाही.’ हे बहुतेक जण म्हणतात, आणि त्यातल्या कितींनी तरी शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात! ज्यांनी दिल्या नाहीत त्यांनीही बिचकू नये. ही वही प्रदर्शनात लावायची नाही. चित्र काढायचं ते बघण्यासाठी. फोटो काढताना कमानीत किती दगड आहेत याच्याशी आपल्याला कर्तव्य नसतं, रेघ मारायची तर मोजावेच लागतात. मिनार वाकडा आला तर येऊ द्या. पेन्सिल आणि खोडरबर घरी ठेवा, पेननेच काढा; खोडायची सोय नसली की हात पुढे जातो.

सामानावर फार खर्च नको. २०० जीएसएमच्या आसपासचा कागद असलेली छोटी वही, न फुटणाऱ्या शाईचं पेन, जलरंगाच्या वड्यांची डबी आणि एक ब्रश. दांडेकरांनी काढलेल्या कॅम्लिनची डबी अगदी पुरेशी आहे. १९३१ मध्ये शाईपासून सुरुवात केलेल्या या कंपनीच्या रंगांवर पुढे मराठी मुलांचे हात तयार झाले आहेत. वही-कागदासाठी नई सडक आणि चावडी बाजार पालथा घाला. ती फेरीच एका पानाचा ऐवज देईल.

आता दिल्लीपुरत्या काही गोष्टी. नोव्हेंबर ते जानेवारी हवेचा निर्देशांक बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. घरात ज्येष्ठ किंवा दम्याचं कोणी असेल तर त्या दिवसांत खिडकीतून दिसेल तेच काढा. उन्हाळ्यात सातच्या आत काम आटपा. ऑक्टोबर, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च अखेरपर्यंतचे दिवस उत्तम. लष्करी आवार, पोलीस ठाणं, संसदेचा परिसर इथे वही उघडू नका. माणसाचं चित्र काढायचं तर त्याला विचारा. मशिदीत, गुरुद्वारात, मंदिरात तिथली रीत पाळा. बायकांनी, मुलींनी सुरुवातीला दोघी-तिघींनी मिळून जावं आणि वर्दळीची जागा निवडावी. लोक मागे येऊन उभे राहतील, ‘क्या बना रहे हो’ विचारतील. वही लपवू नका, दाखवा. त्या जागेची माहिती बहुधा तिथूनच सुरू होते.

एकट्याने धीर होत नसेल तर इंटॅक या संस्थेच्या दिल्ली शाखेच्या वारसा-फेऱ्यांना जा. गॅब्रिएल कॅम्पानारियो या पत्रकाराने २००७ मध्ये सुरू केलेली अर्बन स्केचर्स ही चळवळ आज जगभर पसरली आहे. समोर बघून, जागेवरच काढायचं, हा तिचा नियम. आपल्या मराठी मंडळांनीही वर्षात एखादा रविवार यासाठी ठेवावा. नाटक, हळदीकुंकू, गणपती हे सगळं आपण हौसेने करतोच. त्यात ही एक फेरी बसवणं मुळीच अवघड नाही.

आणि हे लांबणीवर टाकू नका, असं मी कळकळीने सांगतो. प्रगती मैदानावरचं राज रेवल यांचं हॉल ऑफ नेशन्स १९७२ पासून उभं होतं, एप्रिल २०१७ मध्ये पाडलं गेलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर अशा सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधायला मंजुरी दिली. दोन मजली क्वार्टर, पुढे अंगण, मागे गल्ली, दारात कडुनिंब. केंद्राच्या नोकरीत आलेल्या किती मराठी माणसांचे संसार तसल्या घरांत झाले, मुलं तिथल्या मैदानांवर वाढली. २०१८ मध्ये झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. घरं मात्र बरीचशी गेली. आज त्या वसाहतीतलं आपलं घर कसं होतं ते नातवंडांना दाखवायचं म्हटलं, तर अल्बममध्ये वाढदिवसाचे फोटो असतात; जिना, गच्ची, दुधाच्या बूथकडे जाणारी वाट कुठेच नसते. ज्यांना ती घरं आठवतात त्यांनी आठवणीतून नकाशा काढावा, शेजाऱ्यांची नावं घरांवर लिहावीत, जुन्या शेजाऱ्यांना फोन करून चुका दुरुस्त कराव्यात. आणि ज्यांचं क्वार्टर अजून उभं आहे, त्यांनी पहिलं पान तिथलंच करावं, जिन्यापासून.