दोन बुड्यांच्या मधला तास

आम्हां कोल्हापूरकरांना मालवणात खोल समुद्रात एक बुडी झाली की लगेच दुसरी हवी! मधला तासभर होडीत नुसतं बसायचं म्हणजे पैसे फुकट. अहो, पाण्याच्या दाबानं अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळूच निघतो. घाई केलीत तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे उठतील. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बघत, पाणी पीत सावलीत बसा की!

त्याहून वाईट खोड म्हणजे दुसरी बुडी संपताच तांबड्या रश्श्यासाठी फोंडा घाट चढणं. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर, तिथं हवेचा दाब कमी. अशा बुड्यांनंतर विमानात बसायला १८ तास थांबायला सांगतात, मग घाटाला माफी कुणी दिली? रात्र मालवणातच काढा. सोलकढी काही पांढऱ्या रश्श्याहून वाईट नसते, हे मी कोल्हापुरात राहून म्हणतोय. छापून आल्यावर गल्लीत काय होईल ते बघू.