कोटणीस तिथलेच का झाले?

आमच्या आर्णीत डॉ. कोटणीस म्हटलं की व्ही. शांतारामांचा १९४६चा सिनेमा आठवतो, बास. १९३८ मध्ये चीनला पाच डॉक्टर गेले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे चौघं परतले. सोलापूरचे कोटणीस मात्र तिथलेच झाले. मला वाटतं, भाषेमुळे. माणूस चिनी शिकला, चिनीत शिकवू लागला, मग दोस्त झाले. (आपण ऑनसाइटला जाऊनही आधी मराठी मंडळ शोधतो!) १९४१ मध्ये कुओ छिंगलानशी लग्न, १९४२ च्या डिसेंबरात ३२ व्या वर्षी मृत्यू... मुलाचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. असो. सहा महिने परदेशात व्हॉलंटिअरिंग करून "आयुष्यच बदललं" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तिथं कुणाशी त्याच्या भाषेत भांडलात का?