वाड्याचे डोळे

मे महिन्याची सुटी सुरू झाली की वडीलधाऱ्या पिढीच्या तोंडी एक तक्रार हटकून ऐकू येते. आमच्या वेळी सकाळची पेज जेवून घराबाहेर पडलेली मुले दिवेलागणीला परतत. आताच्या मुलांना तिठ्यावरच्या दुकानापर्यंतही एकटे धाडवत नाही! अशी तक्रार करणारे आजोबाच नातवाला फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, ही गोष्ट वेगळी. तरीही ही तक्रार निव्वळ स्मरणरंजन म्हणून झटकून टाकता येणार नाही. गोमंतकाच्या ग्रामजीवनात घडून आलेल्या एका मोठ्या स्थित्यंतराची ती खूण आहे.

त्या मोकळिकीतून मुलांच्या पदरी काय पडत असे, हे पाहण्यास फार दूर जावयास नको. चतुर्थीच्या आधी माटोळीसाठी रान धुंडाळावे लागे. माट्टीची फळे, कांगले, घागऱ्या, कवंडळे कोठे मिळतात, त्यांतले काय टांगायचे आणि काय तोंडात घालायचे नाही, हे ज्ञान मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे जाई. आज हाच ऐवज बाजारात पैसे मोजून मिळतो. माटोळी पूर्वीइतकीच भरगच्च दिसते; तिच्यामागची रानाची ओळख मात्र पुसट होत चालली आहे. दिवाळीतल्या नरकासुराचेही तेच. गवत, जुनेर आणि रद्दी गोळा करून वाड्यावरची पोरे तो उभा करीत आणि पहाटे जाळीत. तो बेढब असे, पण त्यांचा असे. पुढे बक्षिसांच्या रकमा आल्या, पुरस्कर्ते आले, कर्कश ध्वनिक्षेपक आले. नरकासुर उंच झाला आणि मुले प्रेक्षक झाली.

परंतु ते बालपण मोकळे होते म्हणजे त्यावर कोणाची नजरच नव्हती, असे समजणे ही मोठी गफलत ठरेल. आईबापांची नजर नव्हती, वाड्याची होती. पाव घेऊन फिरणारा पोदेर, बांधावर वाकलेली शेतकरीण, देवळाच्या पायरीवर टेकलेले भटजी, सोप्यावर वाती वळीत बसलेली आजी, या साऱ्यांना कोणते पोर कोणाचे आणि ते कोणीकडे चालले आहे, हे ठाऊक असे. परक्याच्या मुलाचा कान धरण्याचा अधिकार वाड्याला होता आणि त्याबद्दल त्याचे आईबाप भांडावयास येत नसत. साने गुरुजींच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'मध्ये पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला त्याची आई मारून विहिरीकडे पिटाळते. त्या माउलीचे धैर्य आम्ही वाखाणतो; पण विहिरीवर पोहणे शिकविणारी जाणती माणसे आहेत, हे तिला ठाऊक होते, याचा आम्हांस विसर पडतो.

आणखीही एका गोष्टीचा विसर पडतो. ती मोकळीक सर्वांच्या वाट्याला सारखी आली नव्हती. मुलगी थोडी मोठी झाली की तिचे रानात हिंडणे संपे आणि कडेवर धाकटे भावंड येई. गरिबाचे पोर दिवसभर माळावर असे ते खेळण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याची गुरे राखण्यासाठी. तळ्यात, नदीत बुडालेली, सर्पदंशाने गेलेली मुले आजच्या आठवणी सांगावयास उरली नाहीत. तेव्हा जुने सारे जसेच्या तसे परत आणा, असे म्हणणारा माणूस आपल्या सोयीचेच तेवढे आठवत असतो.

मग हरवले काय? आजच्या आईबापांना भित्रे ठरविणे किंवा सगळा दोष मोबाईलच्या माथी मारणे सोपे आहे. पण मूल मोबाईलकडे वळले, ते बाहेरची वाट बंद झाल्यावर. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले होते की, सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी १९७१ मध्ये ८० टक्के मुलांना शाळेत एकटे जाण्याची मुभा होती. १९९० मध्ये ती अवघ्या ९ टक्क्यांना उरली. रस्ते मुलांना निर्धोक झाले नव्हते; मुलेच रस्त्यांवरून मागे घेतली गेली होती. आमच्याकडे याहून वेगळे काय घडत आहे? गावातल्या अरुंद रस्त्यावरून भरधाव गाड्या धावतात. पोटापाण्यासाठी परदेशी गेलेल्यांच्या घरांना कुलपे लागली आहेत, शेते बुजवून वसाहती उठत आहेत आणि शेजारी कोण राहतो हे शेजाऱ्यास ठाऊक नसते. वाड्याचे डोळे मिटले, म्हणून आईबापांना आपले डोळे अष्टौप्रहर उघडे ठेवावे लागत आहेत.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली संमत केलेल्या आणि भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमाने खेळणे हा मुलांचा हक्क मानला आहे. हा हक्क दिल्लीत नव्हे, ग्रामपंचायतीत अमलात यावयाचा आहे. शाळा आणि देऊळ यांच्या परिसरात वाहनांचा वेग रोखणे, गावचे मैदान स्पर्धांपुरते न उघडता रोज संध्याकाळी मुलांना खुले ठेवणे, उरलेल्या मोकळ्या जागांवर इमारती उठू न देणे, यांत अशक्य असे काहीच नाही. समुद्रकिनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था झाली. तर मग गावच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला पोहता आले पाहिजे, असा आग्रह ग्रामसभेने का धरू नये?

वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. आपल्या बालपणीच्या गोष्टी नातवंडांना अवश्य सांगाव्यात. पण त्या काळी ज्या सोप्यावरून कोणीतरी आपल्यावर नजर ठेवीत होते, त्या सोप्यावर आता बसण्याची पाळी आपली आहे. संध्याकाळचे दोन तास दूरदर्शनसंच बंद करून ते बाहेर येऊन बसले आणि शेजारच्या पोराला त्याच्या नावाने हाक मारू लागले, तर कोणाही आईला आपले मूल फाटकाबाहेर धाडण्याचा धीर होईल.