करमणुकीचे खाते

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घरांत प्रत्येक खर्चाचे खाते ठरलेले असते. किराणा, शिक्षण, प्रवास, दानधर्म यांच्या नोंदी नीट होतात. चित्रपटाच्या वा मैफलीच्या तिकिटाचे पैसे मात्र बहुधा ‘किरकोळ’ या सदराखाली जातात. या देशाची स्वतःची कला ज्या पैशावर उभी राहिली, तो पैसा खरोखर किरकोळ होता काय, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्याजोगा आहे.

१९१०च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील विलायती मूकपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपली चरित्रे आपल्याच माणसांनी पडद्यावर आणावीत, हा ध्यास त्यांनी घेतला. भांडवल नव्हते. विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आला. केवळ शब्दावर कर्ज कोणी देत नाही, हे ओळखून त्यांनी कुंडीतले बी रुजून त्याचे रोप कसे होते, याचा लहानसा चित्रपट तयार केला. तो पाहून कर्ज देणारे पुढे आले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय कामकऱ्यांचा स्वयंपाकही सांभाळला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. यंत्र परदेशी होते, कथा आणि हात येथले होते. स्वदेशीचा हा अर्थ व्यापाऱ्याला सहज उमगतो: दुसऱ्याचे अवजार घेण्यात उणेपणा नाही, परंतु माल आपला असावा.

संगीतातही असाच एक धाडसी व्यवहार झाला. गवई तोवर मुख्यतः राजदरबारांच्या आश्रयावर जगत. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी दरबाराबाहेर येऊन तिकीट लावून जाहीर गायन केले आणि १९०१ मध्ये लाहोर येथे लोकांच्या देणग्यांवर गांधर्व महाविद्यालय काढले. काँग्रेसच्या अधिवेशनांत त्यांनी ‘वंदे मातरम्’ गाइले. दरबारातले गाणे त्यांच्यामुळे देशाचे गाणे झाले. मात्र मुंबईत विद्यालयासाठी कर्ज काढून बांधलेली इमारत पुढे धनकोंच्या हाती गेली. वरवर पाहता खाते बुडाले. तरीही ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्यासारखे शिष्य ही त्यांची ठेव शाबूत राहिली, आणि तिच्या व्याजावर आजही कित्येक घरांतली मुले संगीताच्या परीक्षा देत आहेत.

कलावंत आणि व्यापारी एकत्र आले की काय घडते, हे कोल्हापूरने दाखविले. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांच्यासमवेत पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी हे सराफ होते. पुढे पुण्यात गेलेल्या याच कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. देहूच्या वाण्याची मराठी कथा मराठीतच सांगितली होती, आणि तीच परदेशी रसिकांना भिडली. जे अस्सल आपले असते, तेच जगाच्या बाजारात वेगळे उठून दिसते.

तथापि प्रभातही कायम टिकली नाही. कला एकदा श्रेष्ठ ठरली म्हणून तिचा संसार आपोआप चालत नाही. तिला प्रत्येक पिढीत नवे गिऱ्हाईक लागते. आज घरातील चौघे चार मोबाइलवर जगभरचे मनोरंजन पाहतात. त्यात गैर काही नाही. परंतु गावातल्या सभागृहात एखादा तरुण गायक तंबोरा जुळवतो आणि समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, तेव्हा त्याचे पुढच्या वर्षीचे गाणेच धोक्यात येते. चांगला मराठी चित्रपट पहिल्या आठवड्यात प्रेक्षक न मिळाल्याने उतरतो, तेव्हा पुढच्या निर्मात्याची पतही घटते.

आपले आहे म्हणून सुमार कलाकृतीलाही डोक्यावर घ्यावे, असे नाही. पारख ही व्यापाऱ्याची विद्या आहे, ती येथेही चालवावी. बरे ते निवडावे आणि निवडल्यावर मुलाबाळांसह, आजी-आजोबांसह जावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घराची संध्याकाळ तशीही मोकळी असते. परतताना नातवाने गाण्याविषयी एखादा प्रश्न विचारला आणि आजोबांना त्याचे उत्तर देता आले, तर त्या तिकिटाची किंमत वसूल झाली.

राष्ट्राची ओळख केवळ ध्वजवंदनाच्या दिवशी जपली जात नाही. ती सरस्वतीबाईंच्या दागिन्यांत होती, कोल्हापूरच्या सराफाच्या भागीदारीत होती आणि रांगेत उभे राहून तिकीट काढणाऱ्या अनाम प्रेक्षकाच्या आण्यांत होती. येत्या दिवाळीत वही उघडताना या खर्चाला ‘किरकोळ’मधून बाहेर काढून स्वतंत्र पान द्यावे. रक्कम लहान असेल, पण ती योग्य खात्यावर पडेल.