अर्ज करण्यापूर्वी : दुकान कोण पाहील?

व्यवस्थापनशास्त्राची संस्था निवडताना बहुतेक तरुण प्रथम पाहतात तो नोकरीचा आकडा. गेल्या वर्षी सरासरी पगार किती मिळाला? ज्याची स्वतःची पेढी गुलमंडीवर किंवा जाधववाडीच्या मोंढ्यात आहे, त्याला या आकड्याचा उपयोग काय? त्याने तो रकाना वगळावा आणि स्वतःला विचारावे : मी वर्गात असताना दुकान कोण पाहील?

या एका प्रश्नाने अर्जांची यादी निम्मी होते. अहमदाबादच्या आयआयएमचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम उत्तमच. परंतु ज्या घरी वडिलांचे वय झाले आहे आणि उधारी-वसुली मुलाच्याच हाती आहे, तेथे एवढी गैरहजेरी परवडत नाही. (कॅट परीक्षाही नोव्हेंबरअखेर येते, म्हणजे तयारीचे ऐन दिवस दसरा-दिवाळीच्या हंगामात जाणार.) मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेने हीच अडचण ओळखून १९९७ मध्ये कौटुंबिक व्यवसायासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. महिन्यातील साधारण आठवडाभर अंधेरीत शिकावे आणि उरलेले दिवस पेढीवर ते लावून पाहावे, अशी त्याची रचना. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्येही टप्प्याटप्प्याने चालणारा असा अभ्यासक्रम आहे. आपल्या शहरातून मुंबईस जाण्यास वंदे भारत आणि समृद्धी महामार्ग दोन्ही असल्याने पहिला पर्याय मला अधिक सोयीचा वाटतो.

शहरातच एमबीए केले तर गल्ला सुटत नाही आणि खर्चही हलका, हे खरे. मात्र तेथील सहाध्यायी बहुतांशी नोकरीच्या शोधातील असतात. भावाभावांतील हिस्सा कसा ठरवावा, जुन्या मुनीमजींना संगणकावर कसे आणावे, हे प्रश्न ज्यांच्या घरी आहेत अशांच्या शेजारी बसण्याचे मोल वेगळे आहे.

आता पैशाचे. फी कॅश क्रेडिटमधून भरण्याचा मोह होतो, कारण मर्यादा हाताशी असते. ती मर्यादा बँकेने माल आणि येणी यांच्या तारणावर दिलेली असते; फीत गुंतलेली रक्कम माल विकून परत येत नाही, आणि हंगामात खरेदीला हात आखडतो. त्यापेक्षा रीतसर शैक्षणिक कर्ज घ्यावे. जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजाची वजावट कमाल ८ वर्षे मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, तेव्हा कोणती प्रणाली निवडायची हे सीएंना आधी विचारावे.

अर्ज भरण्यापूर्वी संस्थेकडून वर्षाचे वेळापत्रक मागवून घ्यावे. हजेरीचा आठवडा मार्चअखेरीस किंवा दिवाळीच्या तोंडावर येतो का, हे त्यात दिसते. भोजनगृहात कांदा-लसणाविना आणि सूर्यास्तापूर्वी जेवण मिळते का, हेही त्याच फोनवर विचारता येईल.