सातवं शीट

परवा रविवारी सकाळी भाचा लॅपटॉप काखोटीला मारून केबिन रोडवरच्या आमच्या घरी हजर. वय २७, नोकरी आमच्याच जातकुळीतली, आणि डोक्यात सिडनी. "मामा, सगळं प्लॅनिंग एक्सेलमध्ये केलंय, जरा रिव्ह्यू मार." रिव्ह्यू म्हटलं की मी पोह्यांची बशी बाजूला ठेवतो. सात शीटं होती. विमान, विमा, भाडं, पगार, फिरायच्या जागा (हे सगळ्यात मोठं), परतीचं तिकीट, आणि शेवटचं 'पीआर'.

माझं भांडण या सातव्या शीटशी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर २०२२मध्ये लागू झाला. त्यात वर्षाला १००० भारतीय तरुणांना 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा द्यायचं ठरलं, सबक्लास ४६२. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, खात्यात ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि वर परतीच्या तिकिटाचे पैसे. बारा महिने राहा, फिरा, खर्च भागवायला काम करा. मागणाऱ्यांची रांग मोठी, म्हणून सोडत. ऑक्टोबर २०२४मध्ये पहिली सोडत उघडली तेव्हा दोन आठवड्यांत सुमारे ४०,००० नावं आली. त्यापेक्षा म्हाडा बरी, नंबर नाही लागला तर अनामत तरी परत मिळते. इथले २५ डॉलर गेले ते गेले.

आता या व्हिशाच्या नावात 'हॉलिडे' आहे. नियमांतही तीच आहे. एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करायचं नाही (अपवाद आहेत, पण ते अपवादच). अट मुद्दाम घातलेली आहे, तुम्ही तिथे करिअर करू नये म्हणून! पण भाच्याच्या पगाराच्या शीटमध्ये एकच कंपनी, बारा महिने, सीनिअर डेव्हलपरचा पगार. मी म्हटलं, अरे, तू स्वतः इंटरव्ह्यू घेतोस ना? सहा महिन्यांनी जाणार हे पहिल्या दिवशीच माहीत असलेल्या पोराला तू टीममध्ये घेशील? त्याला कोडबेस कळेपर्यंत त्याचा निरोपसमारंभ यायचा. गप्प बसला.

मग खरा हिशोब मांडला. जुलै २०२५पासून तिथलं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर. आठवड्याचे ३८ तास मिळाले तर ९४८ डॉलर, कर कापायच्या आधी. कॅफेत पहिल्या आठवड्यापासून ३८ तास कुणी देत नाही. घर घ्यायचं तर चार आठवड्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट. म्हणजे खात्यातले ५००० डॉलर ही शिल्लक नव्हे, ते पहिले दोन महिने जगायचं रेशन आहे. आणि एक चूक तर इतकी गोड होती की मला हसूच आलं. मालक पगारावर १२ टक्के सुपरॅन्युएशन भरतो, आपल्या पीएफसारखं. भाच्याने ते सगळं 'बचत' म्हणून धरलं होतं. या व्हिशावरचा माणूस देश सोडताना ते पैसे काढतो तेव्हा त्यावर ६५ टक्के कर आहे. शंभरातले पस्तीस हातात.

ही चूक त्याची नाही. स्टेशनजवळच्या एका व्हिसा सल्लागाराने त्याला सांगितलं होतं, "एकदा पोचलं की पुढचं बघता येतं." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं त्याला मला एकदा भेटायचंय. पुढचं काय बघणार? याच व्हिशावर दुसरं वर्ष हवं तर तीन महिने शेतात किंवा ठरवून दिलेल्या दूरच्या भागांत ठरावीक काम करावं लागतं, सिडनीतल्या कॅफेचे महिने त्यात धरत नाहीत. आणि पीआरच हवा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. स्किल्ड व्हिसा, गुणांची पद्धत, डिग्रीचं आणि अनुभवाचं मूल्यमापन, वयाची मर्यादा ४५. तो अर्ज भाईंदरमध्ये बसून करता येतो, त्यासाठी कुणाच्या कपबशा विसळायची गरज नाही. पण हे सांगितलं तर सल्लागाराची दोन पॅकेजं कशी खपणार?

दुसरी बाजू आमच्या ताईची. "इंजिनियर होऊन तिकडे जाऊन भांडी घासणार? आणि वर्षाने परत येणार? मग गेलास कशाला?" आता ज्या भाईंदरची ओळखच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांनी झाली तिथे भांड्यांना इतकं हलकं का समजतात, मला कळत नाही. ते सोडा. आमचे आजोबा कोकणातून मुंबईत आले ते गिरगावात एका खोलीत नऊ जण राहायचे, खाणावळीत जेवायचे. तेव्हा कुणी विचारलं नाही की बाबा, तुमचा सेटल व्हायचा प्लॅन काय. हे 'सेटल'चं खूळ आपल्या पिढीचं. एक तर कायमचं जायचं, नाही तर जायचंच नाही. मधलं काही आपल्याला चालतच नाही. गंमत म्हणजे सल्लागार आणि ताई, दोघांचं मत एकच आहे: पीआर नसेल तर वर्ष वाया. फरक इतकाच की एक त्याचे पैसे घेतो आणि दुसरी रडते.

मला हे का झोंबतं ते सांगतो. २००७ साली मी २७ वर्षांचा होतो. तेव्हा ब्रिटनची 'वर्किंग हॉलिडेमेकर' योजना कॉमनवेल्थमधल्या तरुणांना खुली होती, दोन वर्षं. मी लंडनचा फॉर्म भरून ठेवला होता, नुसती सही राहिली होती. त्याच महिन्यात हा फ्लॅट बुक झाला. सगळे म्हणाले, घर आधी, लंडन कुठे पळून जातंय? नोव्हेंबर २००८मध्ये योजनाच बंद झाली. तिच्या जागी आलेल्या योजनेत भारताचं नाव नव्हतं. भारतीयांसाठी ब्रिटनची तशी सोय परत यायला २०२३ उजाडलं, वर्षाला ३००० जागा, तीही सोडतच, आणि वय तेच ३०पर्यंत. मी त्रेचाळीसचा झालो होतो. फ्लॅटचं कर्ज फिटलं, फ्लॅट चांगला आहे, तक्रार नाही. पण लंडन पळून गेलं.

तुम्ही म्हणाल, मामाला स्वतःची हौस भाच्याकडून भागवायचीय. असेल थोडं तसं. पण म्हणूनच मी त्याला 'जा' असं नुसतं म्हटलं नाही. म्हटलं, दोन-अडीच लाख स्वतःचे, खर्च होणारे, परत न येणारे असं समजून बाजूला काढ. कर्ज काढून जाणार असशील तर जाऊ नकोस. आईच्या एफडीला हात लावणार असशील तर मीच तुझा पासपोर्ट लपवीन. पगाराच्या शीटमध्ये किमान वेतन आणि आठवड्याचे २५ तास टाक. आकडे जुळले तर जा, बीच बघ, कॉफी बनवायला शीक, परत ये.

त्याने शीट बदललं. आकडे जुळले, पण फिरायच्या जागांतून ग्रेट बॅरियर रीफ उडवावं लागलं, त्यावरून पोरगं जरा नाराज आहे. सातवं शीट त्याने डिलीट केलेलं नाही, नुसतं हाइड केलंय. मला दिसलं, मी बोललो नाही. आणि सोडतीत नाव लागायचं अजून बाकीच आहे.